बैलाची खोड आधी सांगावी

वाचकहो, आज तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे. गोष्ट माझीच आहे, आणि ती सांगताना मला बरे वाटत नाही. पण तुमच्यापैकी कितीतरी घरांत आता मोबाईलवर शेअरचे खाते उघडलेले आहे. तुमच्या अंगणात अशी गोष्ट घडू नये, म्हणून सांगतो.

आम्ही नाशिक जिल्ह्यातली कांदा लावणारी माणसे. सहा एकर जमीन, एक विहीर आणि रात्रीची वीज. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते, त्या आठवड्यात मोटारीपाशी घोंगडी पांघरून बसावे लागते. पूर्वी अशा वेळी आम्ही रेडिओ ऐकायचो. आता हातात मोबाईल असतो.

२०२१ साली उन्हाळ कांद्याचे थोडे पैसे हातात राहिले. पुण्याला नोकरी करणारा पुतण्या सुट्टीत आला होता. त्याने मला डीमॅट खाते उघडून दिले. डीमॅट म्हणजे, ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, शेअर ठेवायचे कणगे. पूर्वी शेअरचे कागद घरी येत, आता ते या खात्यात आकड्यांच्या रूपाने राहतात. ठिबकाच्या नळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे ८०० शेअर मी ७४ रुपयांनी घेतले. एकूण ५९,२०० रुपये गेले. नळ्या आपल्या ओळखीच्या, तेव्हा कंपनीही ओळखीची वाटली.

भाव वाढत गेला. ऐंशी, नव्वद, शंभर. मला वाटू लागले की आपल्याला यातले काही कळते. मग रात्री मोटारीपाशी बसून मी इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या जागी जाऊ लागलो. तिथे प्रत्येक कंपनीचे वेगळे पान असते आणि लोक टोपणनावाने आपापले मत लिहितात. आमच्या नळ्यांच्या कंपनीच्या पानावर एक गृहस्थ रोज लिहीत. कारखान्यात नवे यंत्र आले, तिसरी पाळी सुरू झाली, अमुक राज्यातून मोठी मागणी येणार आहे, असे अगदी आतल्यासारखे लिहीत. कुणी शंका काढली की त्याच्यावर तुटून पडत.

त्या जागेचा एक नियम वरच लिहिलेला होता. ज्या कंपनीबद्दल लिहिता तिचे शेअर तुमच्याकडे असतील, किंवा तुम्ही तिथे नोकरीला असाल, तर ते आधी लिहा. एका रात्री कुणीतरी त्या गृहस्थांना सरळ विचारले, "आपण या कंपनीत काम करता का? आपल्याकडे तिचे किती शेअर आहेत?" त्यांनी उत्तर दिले नाही. उलट, विचारणाऱ्यालाच भाव पाडायला कुणी पाठवले आहे, असे म्हणाले.

आणि वाचकहो, मी काय केले? मी त्या गृहस्थांची बाजू घेतली! मोठ्या अंगठ्याने टिपून टिपून लिहिले, "मी शेतकरी आहे, आमच्या भागात या नळ्यांना फार मागणी आहे." खरे म्हणजे आमच्या गावात दोघांनी त्या नळ्या बसवल्या होत्या. त्या दोघांचा मी 'आमचा भाग' केला. आणि माझ्या कणग्यात ८०० शेअर पडून आहेत, हे काही लिहिले नाही. तेव्हा मला ते खोटे वाटले नाही. आज वाटते.

इथवर पाप कागदावरचे होते. पुढचे बांधावरचे आहे.

आमच्या बांधाला बांध असलेले तात्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. एका विहिरीवर आमच्या दोन मोटारी आहेत. त्यांच्या घरची गोडी आमच्या घरी आणि आमची त्यांच्या घरी, असे तीस वर्षांचे जमलेले. त्या दिवसांत त्यांनी एक दुभती गाय विकली होती, कारण गुडघ्यांमुळे वहिनींना धारेला बसवत नव्हते. बांधावर बसून तंबाखू मळता मळता मी त्यांना नळ्यांच्या कंपनीचे सांगितले. एकदा नाही, चारदा सांगितले. रोज संध्याकाळी भाव वाचून दाखवला. शेवटी तात्या म्हणाले, "तू एवढं सांगतोस तर घे माझ्या नावावर." त्यांच्या मुलाच्या खात्यात ४०० शेअर घेतले, ११२ रुपयांनी. गाईचे ४४,८०० रुपये गेले.

त्याच आठवड्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि द्राक्षाच्या छाटणीची मजुरी द्यायची होती. मी माझे निम्मे शेअर विकले. ४०० शेअर, ११२ रुपयांनी. माझ्या हातात आले ४४,८०० रुपये.

आकडे पुन्हा वाचा. माझ्याच शेअरांना तात्यांचे पैसे लागले असे नाही. बाजारात हजारो लोक घेत-विकत असतात, कुणाचे कुणाला गेले ते कळत नाही. पण मनातला हिशोब बाजाराच्या वहीत लिहिलेला नसतो. ज्या तोंडाने मी "घ्या" म्हटले, त्याच तोंडाने "मी निम्मे विकतोय" एवढे तीन शब्द म्हणालो नाही. का म्हणालो नाही? मला वाटले, सांगितले तर तात्या बिचकतील. म्हणजे ते बिचकतील हे मला ठाऊक होते! इथेच माझा गुन्हा झाला.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. कंपनीच्या नफ्याचे आकडे आले ते वाईट होते. भाव पडू लागला. रोज सकाळी बाजार उघडला की तो ठरलेल्या खालच्या मर्यादेला जाऊन बसायचा. याला लोअर सर्किट म्हणतात. विकणारे रांगेत उभे आणि घेणारा कुणी नाही. भाव पडलेल्या दिवशी बाजार समितीत आपले ट्रॅक्टर उभे राहतात, तसेच. त्या आतल्यासारखे लिहिणाऱ्या गृहस्थांनी पडझड सुरू झाली त्याच आठवड्यात लिहिणे बंद केले. ते कंपनीतले होते की आमच्यासारखेच कुणी होते, हे मला आजतागायत कळलेले नाही. पुढच्या दिवाळीला भाव ३१ रुपये होता.

तात्यांचे ३२,४०० रुपये गेले. माझे निम्मे शेअर चांगल्या भावात गेले होते, म्हणून सगळा हिशोब धरून माझे गेले २,००० रुपये. एकच कंपनी, एकच सल्ला आणि सल्ला देणाराही मीच.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या. ताट ठेवले आणि सहज विचारल्यासारखे म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे अजून आहेत का हो ते शेअर?" त्या बाईला शेअर म्हणजे काय हेही धड ठाऊक नाही. पण नेमका प्रश्न तिला सुचला. त्या चर्चेच्या जागी वर लिहिलेला नियम तो हाच. मी म्हणालो, "निम्मे आहेत. निम्मे तेव्हाच विकले." "तेव्हा म्हणजे कधी?" मी खरे सांगितले. वहिनी काही बोलल्या नाहीत. रिकामे ताट न घेताच गेल्या.

रात्री मी तात्यांकडे गेलो आणि निम्मे नुकसान मी सोसतो म्हणालो. तात्या म्हणाले, "नुकसान बाजारानं केलं, त्याचे पैसे तुझ्याकडनं कसे घेऊ? पण तू विकलेस हे मला सांगितलं असतंस, तर मी एक रात्र थांबलो असतो. ती रात्र तू खाल्लीस." त्यानंतर दीड वर्ष आम्ही एका विहिरीवर पाणी भरले, पण गरजेपुरते बोललो.

त्या दीड वर्षात मी या विषयाचे पुष्कळ वाचले. पुतण्याला विचारून घेतले. कळले ते असे की ही गोष्ट माझ्या बांधावरची असली तरी जगभरची आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचे शहर आहे. तिथली होल फूड्स ही सेंद्रिय माल विकणाऱ्या दुकानांची मोठी कंपनी. तिचे एक संस्थापक आणि तेव्हाचे मुख्य अधिकारी जॉन मॅकी. हे गृहस्थ १९९९ पासून २००६ पर्यंत याहूच्या शेअर चर्चेच्या पानावर टोपणनावाने लिहीत होते. त्यांच्या पत्नीचे नाव डेबोरा. त्या नावातली अक्षरे उलटसुलट करून त्यांनी 'राहोडेब' असे टोपणनाव घेतले होते. राहोडेब आपल्या कंपनीचे कौतुक करी आणि वाइल्ड ओट्स नावाच्या दुसऱ्या तशाच कंपनीला नावे ठेवी. एकदा तर त्याने मॅकीसाहेबांच्या केस कापण्याच्या पद्धतीचीही तारीफ केली, म्हणजे आपली स्वतःचीच! वाचणाऱ्यांना वाटे, हा आपल्यातलाच एक भागधारक आहे.

मग फेब्रुवारी २००७ मध्ये होल फूड्सने तीच वाइल्ड ओट्स ५६.५ कोटी डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. हा सौदा अडवायला सरकारचे व्यापार आयोग न्यायालयात गेले आणि जुलै २००७ मध्ये न्यायालयाच्या कागदपत्रांतून राहोडेबचे खरे नाव बाहेर पडले. मॅकींनी माफी मागितली. आपण गंमत म्हणून लिहीत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या तिथल्या संस्थेने चौकशी केली आणि २००८ मध्ये काही कारवाई न करता ती मिटवली. कायद्यात ते बसले नसेल. पण ज्या माणसाने राहोडेबचे ऐकून वाइल्ड ओट्सचे शेअर विकले असतील, त्याला काय वाटले असेल? माझ्या तात्यांना वाटले तेच.

आपल्याकडे बाजारावर सेबी ही संस्था देखरेख करते. ती १९८८ साली स्थापन झाली आणि १९९२ साली कायद्याने तिला अधिकार मिळाले. सेबीने शेअरबद्दल धंदा म्हणून अभ्यास करून शिफारस करणाऱ्यांसाठी २०१४ साली नियम केले. अशा माणसाने नोंदणी करावी. ज्या कंपनीबद्दल लिहितो तिच्यात आपले किंवा आपल्या नातेवाइकांचे हितसंबंध असतील तर ते सांगावेत. मागच्या बारा महिन्यांत त्या कंपनीकडून काही मोबदला घेतला असेल तर तोही सांगावा. अहवाल निघण्याच्या ३० दिवस आधीपासून ५ दिवस नंतरपर्यंत त्याने तो शेअर घेऊ-विकू नये. आणि लोकांना "घ्या" सांगून स्वतः विकू नये.

हा शेवटचा नियम वाचला तेव्हा माझी मान खाली गेली. मी काही धंदेवाईक सल्लागार नव्हे, तो नियम मला लागू नव्हता. पण माझी चूक कुणीतरी आधीच ओळखून कागदावर लिहून ठेवली होती!

नियम असूनही लबाडी होतेच. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीचे प्रकरण तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर तिच्याबद्दल चित्रफिती आल्या. एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी घेणार आहे, असे त्यांत खोटेच सांगितले होते. हजारो लहान गुंतवणूकदार धावले. भाव चढला आणि ज्यांच्याकडे आधीपासून शेअर होते त्यांनी ते या नव्या लोकांच्या गळ्यात मारून पैसे केले, असे सेबीला आढळले. २ मार्च २०२३ च्या आदेशाने सेबीने ३१ जणांना बाजारात व्यवहार करायला मनाई केली आणि बेकायदा नफ्याचे ४१.८५ कोटी रुपये रोखून धरायला सांगितले. त्या ३१ जणांत कंपनीचे काही प्रवर्तकही होते. प्रवर्तक म्हणजे कंपनी काढणारे, तिचे घरचे लोक. चित्रफीत बघणाऱ्याला यातले काय दिसत होते? फक्त छान बोलणारा एक माणूस.

आता कुणी म्हणेल, ज्याच्याकडे शेअर आहेत तो सगळा लबाडच का? मुळीच नाही. ज्याच्या गोठ्यात म्हैस आहे, तोच तिच्याबद्दल जास्त जाणतो. कितीतरी माणसे कंपनीचा मनापासून अभ्यास करतात, स्वतःचे पैसे घालतात आणि मग इतरांना सांगतात. त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे असते. फक्त ते म्हशीचे मालक आहेत, हे ऐकणाऱ्याला ठाऊक हवे. तेवढे ठाऊक असले की तो बोलणे आपल्या तराजूत घालून बघतो. न सांगता बोलणे म्हणजे तराजूच्या पारड्याला खालून बोट लावणे.

माझ्या लहानपणी बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवीत. त्याला हत्ता म्हणत. बैल ज्याचा, तो बाजूला उभा राहून नुसता रुमाल हलताना बघत असे. मालाच्या बाजारातही हीच रीत होती. ती मोडावी म्हणून बाजार समित्या झाल्या, १९६३ चा कायदा झाला, उघडा लिलाव आला. उघड्या लिलावात भाव नेहमी चांगला मिळतो असे नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतोच. पण काय बोलले गेले ते चारचौघांच्या कानावर पडते. शेअरच्या सल्ल्यात आपण पुन्हा रुमाल पांघरून बसलो आहोत. टोपणनाव हा आजचा रुमाल.

त्याच बैलबाजारातली माझ्या वडिलांची एक गोष्ट आहे. आमच्याकडे एक खिल्लार बैल होता, दिसायला राजबिंडा. पण भरल्या गाडीला चढ लागला की जूखाली बसायचा. वडिलांनी तो बाजारात नेला. गिऱ्हाईक खूश झाले, पैसे मोजू लागले. तेव्हा वडील म्हणाले, "पाव्हणं, बैलाला खोड आहे. चढाला बसतो." गिऱ्हाइकाने दोनशे रुपये पाडून घेतले. त्या काळचे दोनशे! आई महिनाभर धुसफुसत होती. वडील एवढेच म्हणाले, "तो चढाला बसला असता तेव्हा त्या माणसानं मला शिव्या दिल्या असत्या. आता त्याला माहीत आहे, तो चढ टाळील." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. ती गोष्ट मी पन्नास वर्षे लोकांना सांगत आलो आणि माझी वेळ आली तेव्हा विसरलो.

वाचकहो, तुमच्या घरातही आज ना उद्या कुणी सल्ला घेऊन येईल. तो जावई असेल, पतसंस्थेतला ओळखीचा असेल, मोबाईलवरचा बिननावाचा असेल. त्याला चहा द्या, त्याचे सगळे ऐकून घ्या आणि मग वहिनींचा प्रश्न विचारा: "यातले तुमच्याकडे आहेत का? कधी घेतले? विकले तर आम्हांला आधी सांगाल का? हे सांगण्याचे तुम्हांला कुणी काही देते का?" असे विचारणे म्हणजे अपमान नव्हे. साफ मनाचा माणूस हसून उत्तर देईल. जो रागावेल किंवा विषय बदलेल, त्याच्या बैलाला खोड आहे असे समजा आणि एक रात्र थांबा. धंदा म्हणून सल्ला देत असेल तर त्याला नोंदणी क्रमांक विचारा. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदलेल्यांची यादी आहे, घरातले शिकणारे पोर ती पाच मिनिटांत बघून देईल. बिननावाच्या माणसाचे मात्र कितीही गोड वाटले, तरी ते फक्त ऐकावे. त्याच्या शब्दावर गाय विकलेले पैसे लावू नयेत.

आणि सल्ला देणारे तुम्हीच असाल, तर प्रश्नाची वाट बघू नका. खोड आधी सांगा.

गेल्या हंगामात रोपे टाकायच्या वेळी तात्या बांधावर आले. बऱ्याच दिवसांनी आपण होऊन आले होते. म्हणाले, "या साली कांद्याचं बी कुणाचं चांगलं आहे रे?" माझ्या तोंडावर उत्तर आले होते. ते मी गिळले आणि म्हणालो, "तात्या, आधी सांगतो. बी माझ्याकडंच आहे, गेल्या साली डोंगळे लावून धरलेलं, विकायचंच आहे. ओल्या पोत्यात शंभर दाणे घालून पाहिले, बहात्तर उगवले. दुसरीकडं याहून चांगलंही मिळेल. आता तुम्ही ठरवा."

तात्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितले. मग बांधावर बूड टेकले, चंची काढली आणि तंबाखू मळत म्हणाले, "बरं, भाव काय लावलास?"